बुधवारची टीम

आबा,

उद्या बुधवार आहे. सरावाला घालायच्या रंगीत बंड्या धुऊन रेडिएटरवर टाकल्या आहेत, त्यांचा ओलसर वास घरभर पसरलाय, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुम्हाला लिहायला बसले आहे. मराठी लिहायची सवय सुटलीय, अक्षर पाहून तुम्ही कपाळावर हात मारला असता. ही सवय तुम्हीच लावलेली. कोल्हापूर सोडून आपण लंडनला, हॅरोला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मी मराठी विसरू नये म्हणून तुम्ही युक्ती काढलीत, की ईलिंगमधल्या तुमच्या कॉलेजची मॅच झाली की तिचा सगळा वृत्तांत मी काकाला पत्रानं कळवायचा. "गोल कुणी मारला ते एका ओळीत लिही. बाकी कोण कसं खेळलं ते सविस्तर." काकाला ईलिंगच्या पोरांशी काय देणंघेणं होतं? पण तो तालमीच्या कट्ट्यावर बसून ती पत्रं मोठ्यानं वाचायचा म्हणे, आणि ज्यांनी जन्मात इंग्लंड पाहिलं नाही ती माणसं तुमच्या डाव्या बॅकची चौकशी करायची.

तुम्ही कॉलेजात गणित शिकवायचात. सोळा ते एकोणीस वर्षांची पोरं, कुणी ए लेव्हलची, म्हणजे आपल्या बारावीची, कुणी प्लंबिंग शिकणारी, कुणी स्वयंपाक. बुधवारी दुपारी तास नसत, तेव्हा तुम्ही कौन्सिलच्या मैदानावर फुटबॉल घ्यायचात. कुणी सांगितलं नव्हतं, पगारात बसत नव्हतं. आईची हॉस्पिटलात दुपारची शिफ्ट असली की शाळा सुटल्यावर मीही तिथंच. गाडीच्या डिकीत गोलची जाळी, चार बॉल आणि बिस्किटांच्या डब्यात भडंग. इतर टीम हाफटाइमला संत्र्याच्या फोडी खायच्या, आणि तुमची पोरं भडंग खाऊन ठसकायची, डोळे पुसायची आणि पुन्हा डब्यात हात घालायची. तुमची टीम बहुतेक वेळा हरायची. मी ते काकाला एका ओळीत कळवायचे.

पंधरा वर्षांची असतानाची ती मॅच मला अजून टोचते. आपण एका गोलनं पुढे होतो, थोडीच मिनिटं उरली होती, आणि तुम्ही एका लठ्ठ, चष्मेवाल्या मुलाला आत पाठवलंत. बॉल दिसला की तो मुलगा दचकायचा. त्याच्याच बाजूनं दोन गोल झाले. परत येताना गाडीत मी रागानं लाल झाले होते. "आबा, तुम्ही मुद्दाम हरलात," मी म्हटलं. तुम्ही आरशात बघत गाडी वळवलीत आणि म्हणालात, "तालमीत आलेल्या पोराला वस्ताद कधी 'आज जागा न्हाई' म्हणतो का? बूट बांधून आला, तो खेळणार. मग हारंना का." मनात म्हटलं, माणसाला जिंकायचंच नाही. तेव्हाच ठरवलं असावं, की आपण खरी कोच व्हायचं.

आणि झाले की. कोचिंगच्या लायसन्सची एकेक पायरी चढले, एका व्यावसायिक क्लबच्या अॅकॅडमीत लागले. तुम्हाला अभिमान होता हे मला ठाऊक आहे, कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदारालासुद्धा तुम्ही सांगून ठेवलं होतंत. पण माझं काम नेमकं काय, हे मी सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा जरा उतरला. मुलं आठव्या-नवव्या वर्षी येतात, दर वर्षी त्यातली काही कमी करायची. आमच्याकडे त्याला काढून टाकणं म्हणत नाहीत, 'रिलीज' म्हणतात. ते कसं करायचं याचंही ट्रेनिंग असतं. दार लावायचं, खुर्च्या समोरासमोर नाही तर तिरक्या ठेवायच्या, पाण्याचा ग्लास हाताशी. पहिल्याच वाक्यात बातमी द्यायची, मग गप्प बसायचं, रडू द्यायचं. मी त्यात वाकबगार होते. पालक जाताना माझे आभार मानायचे.

मग तो रविवार. तुम्ही हॅरोच्या स्वयंपाकघरात तांबडा रस्सा ढवळताय, आई कोथिंबीर निवडतेय, आणि तुम्हाला जिना चढताना दम लागतो हे आम्ही दोघी पाहून न पाहिल्यासारखं करतोय. पाठमोरे असतानाच तुम्ही विचारलंत, "एक वर्ष बुधवारची टीम बघशील का गं? डॉक्टर म्हणतोय, पळापळ बंद."

"आबा, बुधवारी मला सुट्टी नसते," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण शेखी मिरवायची हौस! "आणि खरं सांगू? ते कोचिंग नाहीये. It's babysitting. मी प्रोफेशनल आहे. मी आले तर तुमची अर्धी टीम पहिल्याच आठवड्यात घरी जाईल."

आई म्हणाली, "अगं, काय बोलतेस!" तुम्ही मात्र रागावला नाहीत. डावातला रस्सा तळहातावर घेऊन चाखलात आणि म्हणालात, "मग नको. तुला नाही जमायचं ते."

"मला? कॉलेजची पोरं मला नाही जमणार?"

"तुमच्याकडं पोरगं धावत येतं नि तुम्ही त्याला घालवता. माझ्याकडचं कॉलेजलाच यायला तयार नसतं. ते यावं म्हणून तर फुटबॉल हाय. काम उलटं हाय लेकी, दोन्हीकडं बॉल असला म्हणून काय झालं."

मी हसले. मला तो टोमणा वाटला. पुढे त्याच वर्षी शरदात, एका बुधवारी दुपारी तुम्ही मैदानावरून फोन केलात. बोलण्यापेक्षा वाराच जास्त ऐकू येत होता. "कामात असशील, ठेवतो," म्हणालात. मी "हो" म्हटलं. नाताळाच्या आधी तुम्ही गेलात. अंत्यविधीला क्रेमेटोरियमच्या मागच्या रांगांत ओळीनं अनोळखी पुरुष उभे होते, बांधकामावरच्या जॅकेटमध्ये, बस ड्रायव्हरच्या गणवेशात. त्यांच्यात एक टक्कल पडलेला, चष्मेवाला, लठ्ठ माणूस होता. त्यानं माझा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला. बुधवारची टीम तुमच्यानंतर कुणी घेतली नाही. जाळी आणि बॉल बरेच दिवस आपल्या गॅरेजमध्ये होते, मग घर विकताना आईनं ते कुणाला तरी देऊन टाकले.

आता ऐका, दैव कसं चेष्टा करतं. गेल्या वर्षी क्लबनं आमची अॅकॅडमी बंद केली. मलाही दार लावून, तिरक्या खुर्चीत बसवून, पहिल्याच वाक्यात सांगितलं. पाण्याचा ग्लासही होता. इकडेतिकडे अर्ज केले, आणि शेवटी तुमच्याच कॉलेजात लागले. इमारत नवी आहे, तुम्हाला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. फुटबॉल पुन्हा सुरू करायचा होता. दुधाची तहान ताकावर, असं मी सगळ्यांना हसत सांगितलं. प्रिन्सिपलबाईंनी मात्र प्रवेशद्वाराशी माझ्या फोटोचा बोर्ड लावला: आता आपल्याकडे प्रोफेशनल कोच!

पहिल्या बुधवारी मैदानावर ही गर्दी. वेळ पाळली नाही म्हणून मी उशिरा आलेल्यांवर ओरडले; एकाची बस चुकली होती, एक हॉटेलच्या किचनमधून शिफ्ट संपवून पळत आला होता. मॅचचे व्हिडिओ दाखवले. जेवायला काय, झोपायचं किती, ते सांगितलं. एकेक करून पोरं गळत गेली आणि मला वाटलं, गाळ खाली बसतोय. आम्ही जिंकायलाही लागलो. प्रोफेशनल कोच कॉलेजात यशस्वी होतो का, असं कुणी प्रिन्सिपलबाईंना विचारलं तर त्या कपाट उघडून कप दाखवतील.

त्यात केटरिंग शिकणारा एक मुलगा होता. उंच, पायात पाय अडकणारा. सगळ्यांच्या आधी यायचा, गोलची जाळी बांधायचा, शेवटी सोडायचा. त्याला पास कळत नव्हता, जागा कळत नव्हती. मी त्याला ऑफिसात बोलावलं. दार लावलं. खुर्च्या तिरक्या होत्या. पहिल्याच वाक्यात सांगितलं, मग गप्प बसले. तो रडला नाही. "Okay, miss. Thanks for telling me," म्हणाला, हात मिळवला, आणि जाताना खुर्ची आत सरकवून गेला. मला वाटलं, छान झालं.

पुढच्या बुधवारी तो आला नाही हे साहजिकच होतं. गुरुवारी वर्गातही आला नाही. मग त्याची ट्यूटर माझ्या दाराशी आली, साउथॉलची पंजाबी बाई, तोंडानं फटकळ. "तू त्याला काय सांगितलंस? तो बुधवारसाठी कॉलेजला यायचा गं. मी त्याला सांगायची, बाकीचे दिवस आलास तर बुधवारी खेळायला मिळेल. It was the only hook I had." मी म्हटलं, तो टीमच्या लायकीचा नव्हता. ती म्हणाली, "कुठल्या टीमच्या?" तुम्ही रस्सा चाखत जे बोललात ते त्या क्षणी मला शब्दन् शब्द ऐकू आलं. इतकी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी पडलं होतं.

मी त्याच्या घरी गेले. दुकानावरचा फ्लॅट, भर दुपारी तो स्लिपर घालून दारात, आई विमानतळावर कामाला गेलेली. मी म्हटलं, परत ये. तो म्हणाला, "मिस, मी चांगला खेळतो म्हणून बोलावताय, की ट्यूटर ओरडली म्हणून?"

"तू चांगला खेळत नाहीस," मी म्हटलं. "तरी ये."

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "मग खेळवणार मला?"

"खेळवणार. प्रॉमिस."

तो आला, आबा. सोमवारी, मंगळवारी वर्गात बसला, आणि गेल्या बुधवारी मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. कपची सेमीफायनल होती. आम्ही एका गोलनं पुढे. तो रेषेवर पळून अंग गरम करतोय, माझ्याकडे बघतोय. मी हात वर करते, थांब. आणखी एक गोल होऊ दे, मग पाठवते. गोल होत नाही. तो पुन्हा पळतो, पुन्हा बघतो. "Ready, miss." मी घड्याळ बघते, समोरचा त्यांचा विंगर बघते, त्या बाजूनं काय होईल ते मला स्पष्ट दिसतं. मी पुन्हा हात वर करते. जित्याची खोड. शिट्टी वाजली, पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, प्रिन्सिपलबाईंचा अभिनंदनाचा फोन येत होता. तो बाकावर बसून बूट सोडत होता. दुहेरी गाठ मारली होती, सुटत नव्हती. त्याच्या बुटांना चिखल लागला नव्हता. बंडी घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "Well done, miss." त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते ऐकवलं नाही.

तेव्हापासून तो कॉलेजला आलेला नाही. आज मी मेसेज टाकलाय: उद्याच्या मॅचला पहिल्या मिनिटापासून तू खेळणार. त्यानं वाचलाय. उत्तर नाही. मघाशी बिस्किटांच्या डब्यात भडंग भरून ठेवलं, लसूण जरा करपलाय. तो आला तर हरलो तरी चालेल, असं मी स्वतःला बजावतेय, पण उद्या शिट्टीच्या वेळी माझा हात काय करेल याची खात्री मला नाही. मला लाज वाटते, आबा. तुमची पोरं हरून हसत घरी जायची, आणि मी ते एका ओळीत उरकायचे.

हे पत्र कुठे टाकणार? काकाही आता नाही, कट्ट्यावर वाचून दाखवायला. टेबलाच्या खणात ठेवून देईन. फक्त एक राहिलं. त्या रविवारी मी म्हणाले होते ना, बुधवारी मला सुट्टी नसते. असायची, आबा. आठवड्यात एकच सुट्टी होती, आणि ती बुधवारचीच होती.