फाटकाजवळचं जनावर

सिंदी (रेल्वे)
१४ जुलै २०२४

ती. अक्कांना आनंदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहिते. जेवते, झोपते. हे गेल्याला दोन महिने होतील. चहा अजून दोघांचाच मांडला जातो, मग मी तो दोनदा पिते.

विचारायचं वेगळंच आहे. फाटकाजवळ यांनी कुंपणाला पिवळ्या पानांचा दुरांटा लावला होता, तो तुम्ही पाहिला आहे. शाळेच्या बागेत माळी असताना हे याच झाडाचे हत्ती, मोर कापायचे. या उन्हाळ्यात घरच्या झुडपावरही यांची कात्री चालू होती. काय करता म्हणून विचारलं की हसून म्हणायचे, होऊ दे, मग पाहजो. मी पोळ्या टाकायला आत जायची. आता मला कळत नाही, ते काय होतं. पुढून दोन ठिकाणी गोल आत कापलेलं, मधे फुगवटा, वर उंच ढीग. शेजारचा प्रेमदास म्हणतो, उंट. त्याची बायको म्हणते गणपती आहे, कात्री लावशील तर पाप लागेल. आपल्या धनंजयला सोफा दिसतो.

पाऊस लागल्यापासून झाड वाटेल तसं फुटतंय. मधूनच हिरव्या पानांच्या जोरकस फांद्या निघाल्या. मला वाटलं, चला, सुधारलं. शेतात पिवळं पान दिसलं की आपल्याला युरिया आठवतो. वाचनालयातलं पुस्तक उलटंच सांगतं. हिरवी फांदी ठेवली तर ती पिवळीला दाबून टाकते, म्हणून बुडातून काढायची. रोगी कोण आणि धडधाकट कोण, हेच समजेना झालं आहे.

हळूहळू यांची रेघ बुजेल. यांच्या हातचं शेवटचं तेवढंच आहे. जनावर कोणतं ते कळलं तर मी पुरं करीन. तुमच्याशी काही बोलले होते का?

लोभ आहे, तो पत्रातून कळवत राहा.

आपली,
आनंदा


पुलगाव
२२ जुलै २०२४

चि. आनंदास कौशल्याबाईचे अ. उ. आ.

तुझं पत्र भेटलं. दोन दोन चहा पिऊन राह्यली, मग झोप कशी येते म्हणतं?

उंट काऊन कापंन तो? सिंदीत उंट कोणी पाह्यला? तो बैल होय. आमच्या बाबांचा ढवळ्या. त्याचं वशिंड असंच एका बाजूले कललेलं होतं, अन् नत्थू लहानपणी त्याच्या पाठीवरून उतरतच नव्हता. वरचा ढीग म्हणजे वशिंड, मधला फुगवटा म्हणजे पोट. आता शिंगं तेवढी राह्यली. डावं शिंग खाली ठेवजो, ढवळ्याचं तसंच होतं. मले तो बोलला नाई, पण बहिणीले सांगा लागत नाई. इथं शेजारणीले मी सांगून टाकलं, माह्या भावानं दारात बैल उभा केला म्हणून.

धनंजयले म्हणा, सोफ्याची एवढी हौस असंन तर दुकानात जाय.

जिवाले जप. आठवण ठेवजो.

तुझी अक्का


सिंदी (रेल्वे)
११ ऑगस्ट २०२४

ती. अक्कांना शि. सा. न. वि. वि.

बैल करायला घेतला. डावं शिंग खाली धरलं तर बकरी झाली. प्रेमदास फाटकावरून विचारून गेला, वहिनी, दूध किती देते म्हणून.

गुडघा दुखायला लागला तेव्हा यांची खुर्ची अंगणात ओढली. सकाळी हे फाटकाकडे बसायचे, ऊन आलं की कडुनिंबाखाली सरकायचे. खुर्ची डुगडुगू नये म्हणून पायाखाली ठेवलेली वीट अजून जागेवर होती. त्या विटेवर खुर्ची टेकवून मी बसले आणि कात्री पुढे केली. ती त्या खोलगट भागात आपोआप गोल फिरली. मग खुर्ची कडुनिंबाखाली नेली. तिथून दुसरा खोलगट. फुगवटा दोन्हींच्या मधे आहे, कारण कुठूनही हात तिथवर जात नाही. वरचा ढीगही तसाच. बसलेल्या माणसाच्या कात्रीला तो लागत नाही.

अक्का, ते जनावर नव्हतंच. यांना उभं राहवत नव्हतं. छातीचा त्रास होता हे मला ठाऊक होतं, पण इतकं नाही. आत येताना हे भिंतीला हात लावून थांबायचे, मला वाटायचं चपला झटकताहेत. मी विचारलं की हसून पाहजो म्हणायचे, आणि मी हत्ती-मोराची वाट पाहत बसले.

आता तर अजून काही सुचत नाही. कापलं तर यांचा हात जातो. ठेवलं तर रोज तेच बघायचं. तुम्ही सांगाल तसं करीन.

माया आहे, ती असू द्या.

आपली,
आनंदा


पुलगाव
१९ ऑगस्ट २०२४

चि. आनंदास अ. उ. आ.

मले अजून बैलच वाटून राह्यला. पण तू खोटं लिहिणारी नाई, म्हणून तुझाच राग येते.

त्याले हात लावू नको. दिवाळीले मी येतो. माह्या भावाचा हात कुठवर पोचे, ते मले डोळ्यानं पाहाचं आहे.

जास्त लिहवत नाई. सांभाळून राहजो.

तुझी अक्का


सिंदी (रेल्वे)
३ सप्टेंबर २०२४

ती. अक्कांना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हणालात, मीही तुमचं ऐकीन म्हणाले होते, तरी परवा कापलं. रागवा.

प्रेमदास अंगणात आला होता. खुर्चीत बसला, हात लांब करून झुडपाकडे पाहू लागला. मी त्याला चहाच्या निमित्ताने उठवलं. पुन्हा बसला असता तर त्याला समजलं असतं, मग त्याच्या बायकोला, मग गल्लीला. जे यांनी माझ्यापासून झाकलं, ते मी रस्त्याच्या कडेला उभं कसं ठेवू? तो गेल्यावर स्टुलावर चढले, यांच्यासारखी दोरी ताणून बांधली आणि वरून, पुढून सरळ कापून काढलं. आता ते साधं कुंपण आहे. एका जागी थोडं खाली गेलं, पण रेघ बरी आली.

तुम्ही हात बघायला येणार होतात. तो मी पाहिला आहे, अक्का. फार लांब जात नव्हता.

सगळ्यांना सांगितलं, उंटच होता, मला जमला नाही. प्रेमदास हळहळला, म्हणाला, येत नव्हतं तर हात काऊन लावला. मी म्हटलं, चुकलं. धनंजय कालपासून धड बोलत नाही. बाबांचं शेवटचं काम आईने बिघडवलं, असं त्याच्या मनात आहे. ते तसंच राहू दे.

तुमच्या शेजारणीने विचारलं तर तुम्हीही सांगा की बैलच होता. भावाने तो छान घडवत आणला होता, भावजयीने नासवला. माझ्या नावाने दोन शब्द वाईट बोलावे लागले तर बोला, नाहीतर तिला खरं वाटायचं नाही.

दिवाळीला मात्र या. रागातच आलात तरी चालेल.

आपली,
आनंदा