भावजींच्या उशाशी ठेवलेला प्रीअँप

मी, खाली सही करणारी, बाजारात ‘साउंडवाल्या वहिनी’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीर थकले आहे; त्याला दाखला लागत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला द्यावी. घर ती विकणार, हे मला ठाऊक आहे. विकू दे. जिने चढून माझीही हौस फिटली आहे. माळ्यावरच्या केबली मात्र भंगारात देण्याआधी तपासाव्यात. निम्म्या चांगल्या आहेत, असे मी दरवर्षी म्हणत आले आणि दरवर्षी तपासायचे राहून गेले.

२. कार्यशाळा, सोल्डरिंगची हत्यारे, सगळे माइक आणि प्रेस बॉक्स पुतण्याला, म्हणजे भावजींच्या मुलाला द्यावेत. वकील म्हणाले, “ज्या घराशी तुमचं बोलणं नव्हतं, तिथेच देताय?” म्हणून कारण लिहिते.

यजमान गेल्यावर थोरले दीर, म्हणजे भावजी, आणि मी मिळून धंदा चालवला. एका कारखान्यात बॉयलर फुटून माणसे गेली, त्या सुनावणीला आवाजाचे काम आमच्याकडे होते. माइकमधून येणारा क्षीण आवाज प्रीअँप मोठा करतो. तिथून एक लाइन सभागृहाच्या स्पीकरांना दिली होती, दुसरी प्रेस बॉक्सला, जिथे वार्ताहर आपापली यंत्रे जोडतात. गेलेल्या एका कामगाराची आई बोलायला उभी राहिली आणि कारखान्याच्या मॅनेजरने हाताने खूण केली. भावजींनी सभागृहाचा आवाज खाली ओढला. मग मॅनेजर माझ्या बॉक्सपाशी आला.

“हेही बंद करा, बाई.”

“माइकची वायर तुम्हीच उपटा,” मी म्हणाले. “सगळ्यांसमोर.”

त्याने उपटली नाही. सभागृहाला ऐकू न आलेले तिचे बोलणे दुसऱ्या दिवशी गावभर झाले. कारखान्याचे काम गेले, त्यामागोमाग इतरही गेली. “तुझ्या हट्टापायी माझ्या पोरांच्या तोंडचा घास गेला,” म्हणत भावजी स्पीकर आणि गाडी घेऊन वेगळे झाले. त्यांचे चुकले, असे मी आजही मानते. त्यांच्या घरात खाणारी तोंडे जास्त होती, हेही खरे. यात पुतण्याचा काय दोष?

३. गेल्या वर्षी भावजींच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. जाऊबाई माझ्या दारात आल्या. “हाक मारतात ती स्वयंपाकघरात येत नाही गं. आणि गेले नाही की चिडतात.”

यजमानांनी हाताने बनवलेला छोटा प्रीअँप घेऊन मी गेले. उशाशी माइक लावला. स्पीकर त्याच खोलीत ठेवला तर शिट्टी मारतो, म्हणून एक लाइन स्वयंपाकघरात नेली, एक पुढच्या खोलीत.

“बोला, भावजी.”

इतकी वर्षे माझ्याशी न बोललेला माणूस यंत्राकडे बघत म्हणाला, “लाल दिवा लागतोय. गेन कमी कर.”

आवाज फाटण्याइतका वाढला की तो दिवा लागतो; मी बटण मागे फिरवले. आतून जाऊबाई ओरडल्या, “आलं हो ऐकू!” त्या हसत होत्या की रडत, ते भिंतीपलीकडून कळले नाही. जुना विषय भावजींनी काढला नाही, मीही काढला नाही. दोघांच्याही अंगात आता तेवढे त्राण नाही. मी पुढच्या खोलीत चपला घालत होते, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, “पायरी मोडलीय. जपून उतर.”

तरी तो प्रीअँप, माइक आणि दोन्ही स्पीकर भावजी आहेत तोवर तिथून कोणी हलवू नयेत. पुढचे पुतण्याने बघावे. आवाज कमीजास्त करण्याचा अधिकार मात्र फक्त जाऊबाईंचा. दुपारी घटकाभर पडताना त्यांनी तो पार बंद करून ठेवला, तर त्यांना कोणीही काही बोलू नये.

वाचून, समजून सही केली.

लिहून ठेवणार : साउंडवाल्या वहिनी
साक्षीदार : १. दाखला देणारे डॉक्टर
२. खालच्या मजल्यावरचे शिंपी
स्थळ : माझी कार्यशाळा
दिनांक : ११ मार्च, बुधवार