मागून येणारा वारा

प्रिय सानिया,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

रोहिदासमामा वरातींना भाड्याने देतो त्या उघड्या गाडीला मी वारा अडवणारी जाळी बसवली आहे. आधी समोरच्या काचेवर प्लॅस्टिकची पट्टी लावून पाहिली, काही फरक पडला नाही. मग सजावटीतल्या उरलेल्या रिबिनी आपण बसतो त्या पुढच्या सीटच्या पाठीला बांधल्या आणि आम्ही चौकहून लोधिवलीकडे निघालो. वेग वाढला तशा रिबिनी मागे उडायच्या सोडून माझ्या तोंडावर आल्या. वारा काचेवरून जातो, मागच्या सीटवर उतरतो आणि उलटा फिरून आपल्या कानांशी येतो. तू बी.एस्सी.वाली, तुला हे आधीच कळलं असतं. मी बी.ए., मला रिबिनी लागल्या.

मग खिडकीच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट केली, तिच्यावर डासांची जाळी ताणली आणि ती पुढच्या सीटमागे उभी बांधली. मामा म्हणाला, "वारा पुढनं येतो, नि तू जाळी मागं लावतेस? डास पकडायचे हायत काय गं?" पहिल्या दिवशी वारा खालच्या फटीतून आला. तिथे आईच्या जुन्या लुगड्याची घडी कोंबली. नंतर फोन पुढे तुझ्या जागेवर ठेवून रेकॉर्डिंग केलं. जाळी काढल्यावर नुसती घरघर, जाळी लावल्यावर मामाच्या शिव्या स्पष्ट!

आमच्या डोंगरावरच्या वाडीत पोरांसाठी रविवारचा वर्ग मी सुरू केला. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. शेवटची ठरू नये, एवढंच मनात आहे. वाचन मी घेते. गणिताला मात्र पोरं माझ्याकडे बघतात आणि मी फळ्याकडे. गणित तू घेणार होतीस. हिवाळ्यात खालापूरहून येताना याच गाडीत मी तुला विचारलं होतं, घेशील का? तू हसून "हो गं" म्हणालीस. पहिल्या रविवारी मी वाडीच्या फाट्यावर तुझी वाट पाहिली. दुसऱ्या रविवारीही पाहिली. मग मला राग आला. वाडीपर्यंत चढायला तुला कमीपणा वाटतो, असंही मनात आलं.

त्या रागात मी भिसेगावला तुमच्या घरी गेले. तू शेलूला मावशीकडे होतीस. हमिदाचाचीने चहा दिला आणि सहज म्हणाली, "उघड्या गाडीत बसली की सानिया कानातलं मशीन काढून पर्समध्ये ठेवते गं. वाऱ्याने त्यात गोणपाट फाडल्यासारखा आवाज होतो म्हणते. मग कोणी काही बोललं, की हसून हो म्हणते." मी चहा तसाच ठेवून निघाले, चाचीला वाईट वाटलं असेल. दुसऱ्याच दिवशी पट्ट्या कापायला घेतल्या.

तर तो 'हो' मी तुला परत देते आहे. तो तू दिलाच नव्हतास. रविवारी सकाळी मामा आणि मी गाडी घेऊन तुझ्या दारात येऊ. मशीन कानात ठेव. चौक गेल्यावर मी तुला पुन्हा विचारीन, आणि या वेळी तू खुशाल नाही म्हण. पण ऐकून म्हण.

तुझीच,
हर्षला