खिळ्यावरचे उष्टे नान

रोबिया ओपा,

सगळ्यांत आधी आली ती शिडी. मग शिडीवरून माणूस आला, आणि आमच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीशी त्याने छातीवर हात ठेवून मला सलाम केला. तुम्हालाही धाकट्या बहिणीचा तसाच सलाम. (गुडघे कसे आहेत? मेंढीची चरबी चोळता ना? चोळत नसाल तर पुढचं वाचू नका.) घर जागेवर आहे, जळालं काही नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही शेवटचं पान आधी वाचाल.

त्याचं असं झालं, आमच्या सूनबाईंनी, नफीसाने, काचेचं कपाट घेतलं. अख्खी इमारत बघून गेली. खालची शोहिदा तर त्याच्यापुढे इतका वेळ गप्प उभी राहिली की मला धडकीच भरली. अशा गप्प बसण्यानेच काच तडकते. म्हणून नफीसा बाजारात गेल्यावर मी तव्यात इसिरिक पेटवलं आणि कपाटाला दृष्टीची धुरी दिली. पाला ओला होता, हात सढळ होता. खिडकी उघडल्यावर धूर असा काही निघाला की शोहिदाने बंब बोलावला. बंबवाल्यांनी दारही ठोठावलं म्हणे, पण माझा तो कान तुम्हाला माहीतच आहे.

शिडीवरच्या मुलाने (इल्योर त्याचं नाव, मिसरूडसुद्धा नीट फुटलेली नाही) विचारलं, "ओयिजान, आग कुठंय?"

मी म्हटलं, "आग नाही रे बाळा, शोहिदा आहे. आत ये, चहा टाकते."

पण ओपा, काय ती माणसं! एकाने नळी सोडली, दुसऱ्याने झेलली, तिसरा गच्चीवर पोचलासुद्धा, आणि तोंडातून शब्द नाही. आपल्याकडे लग्नात पुलावाची कढई चुलीवरून उतरवायची तर सगळा मोहल्ला ओरडतो, तरी निम्मा भात जमिनीवर. मी हातात तवा धरून नुसती बघत राहिले. शेवटी त्यांचा कप्तान बोतिर आत आला, तवा माझ्या हातातून हलकेच काढून मोरीत ठेवला आणि निघतो म्हणाला. मी ऐकते होय? खिडकीतून आलेला असला तरी पाहुणा तो पाहुणाच. मग बसले बिचारे, डोक्यावरचे टोप मांडीवर घेऊन, कपाटाला धक्का लागू नये म्हणून कोपरं अंगाशी धरून.

आता इतके बंबवाले घरात बसलेले असताना मी बाबांचं नाव काढणार नाही असं कसं होईल? बाबांच्या बंबखात्यातली पाण्याची पिंपं, त्यांच्या घोडागाड्या, बुरुजावरची घंटा, सगळं सांगितलं. तो करडा घोडा म्हातारा झाला म्हणून रॉकेलवाल्याला विकला, आणि घंटा वाजली की तो रॉकेलच्या गाडीसकट आगीकडे सुटायचा, हेही सांगितलं. कप्तान हसता हसता पुढे सरकून बसला. म्हणाला, ठाण्यात जुन्या वस्तूंची एक खोली केली आहे, घंटा आहे, गाड्यांचा फोटो आहे, पण त्या काळच्या बंबवाल्यांच्या डोक्यावरचा एक टोप काही मिळाला नाही. मी म्हटलं, आमच्या बाबांचा पितळी टोप आहे की आमच्याकडे. पेटीत, मखमलीत. तो माणूस उठून उभाच राहिला.

तेवढ्यात त्यांच्या कमरेचं यंत्र खरखरलं. स्टेशनामागे कापसाच्या गोदामाला आग, आणि आत माणसं. ओपा, चहा पेल्यांत वाफाळत राहिला आणि माणसं दारात. मी अम्मा करायची तेच केलं. नानांची चवड घेऊन जिन्यात आडवी उभी राहिले. घास तोडल्याशिवाय कुणाला जाऊ देणार नाही म्हटलं, उरलेला नान खिळ्यावर टांगला की माणूस तो संपवायला परत येतोच. कप्तानाने पहिला घास तोडला, मग सगळ्यांनी एकेक नान चावला आणि धावले. इल्योरने तर इतका मोठा घास घेतला की जिनाभर गाल फुगलेलेच होते.

नफीसा परत आली तेव्हा मी भिंतीत खिळे ठोकत होते.  तिनेच ते उष्टे नान फडक्यात बांधून टांगून दिले. मग आम्ही दोघी खिडकीशी बसलो. स्टेशनाकडचा धूर काळा होता, माझ्या इसिरिकासारखा पांढरा नव्हे. तुम्हाला आठवतं ना, घंटा वाजली की अम्मा अशीच बसायची, आणि बाबा परत आले की तो वाळका नान चहात बुडवून पूर्ण खायचे, दात पडले तरी? तेव्हा मला ते रोजचंच वाटायचं. काल मात्र मी सारखी उठून खिळ्यांवरचे नान मोजत होते.

संध्याकाळी कप्तानाचा फोन आला. आतली माणसं निघाली, त्याची माणसं शाबूत आहेत, इल्योरच्या भुवया तेवढ्या गेल्या. नान सांभाळून ठेवा म्हणाला.

तुमची धाकटी,
हुरिनिसो

ता. क. "आमच्याकडे" म्हणजे तुमच्याकडे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पेटी म्हणजे तुमचं कोकंदचं खुराडं आणि मखमल म्हणजे टोपात अंडी उबवणारी तुमची ती ठिपक्यांची कोंबडी. टोप घेऊन बुधवारच्या गाडीने या. कोंबडी उठत नसेल तर कोंबडीसकट या.

आणखी एक ता. क. टोप त्यांना द्यायचा की नुसता दाखवायचा, ते थोरल्या म्हणून तुम्ही ठरवा. पण आधी इल्योरचा तो बिनभुवयांचा चेहरा बघा. सगळे येणार आहेत, उरलेला नान खायला, गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर.