ट्रॉली घासू देऊ नको

सुगत,
मी मोताळ्याच्या बाजारात चाललो. कापसाची ट्रॉली दारातल्या चढावर तशीच घालू नको बे, मागून घासते. हूक खालच्या भोकात टाक म्हणजे मागची बाजू उचलते. चढाच्या पायथ्याशी चाकाखाली फळ्या दे अन् हळू घे.

फवारणीहून येताना देवादादा ट्रॉली घासतच आणे. तो आवाज आला की मायले वाटते, दादाच आला. मंग त्याच्या आंघोळीसाठी चुलीवर पाणी ठेवते. फवारणीचं विष लागून त्याले जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, हे तिले किती खेपा सांगू?

काल ट्रॉली मोताळ्याच्या जिनिंग मिलवरच उभी होती, तरी तिनं पाणी ठेवलं. तिच्यावर खेकसू नको.

आवाज मलेही आला होता.

विश्वास