हैदराबादच्या परिषदेला तिघं

आबा, हैदराबादला जायचं हे आपल्या घरात पहिल्यांदा तुम्ही बोलून दाखवलंत, असं मी सांगते तेव्हा लोकांना खरं वाटत नाही. गाड्यांच्या कारखान्यात सुतारकाम करणारा माणूस स्मरणशक्तीवरच्या परिषदेला जायचा हट्ट धरतो, आणि तिथं निबंध वाचायला बोलावलेली त्याची मुलगीच नको नको म्हणते, हे ऐकायला जरा विचित्रच आहे. पण तसं झालं खरं. मी तेव्हा एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दापोडीच्या शाळेतल्या मुलांना एक गोष्ट सांगायची आणि काही दिवसांनी ती त्यांच्या किती ध्यानात राहते ते बघायचं, असं माझं काम होतं. आमच्या प्राध्यापक बाईंना ते आवडलं आणि डिसेंबरात हैदराबादच्या परिषदेत तू ते वाच, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसून आईला सांगत होते की हे काही जमायचं नाही, इतक्या लांब मला एकटीला कोण सोडणार. तुम्ही दारात चपला काढत होता. तिथूनच म्हणालात, "मी येतो सोबत." मग आत येऊन पाटावर बसलात आणि हळूच विचारलंत, "तितं डोक्याचं डॉक्टर बी येत असतील न्हवं?" आईनं भाकरी उलटायची सोडून तुमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती.

ती कसली भीती हे तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता सगळं मोकळेपणानं लिहिता येतं. गाव सोडून दापोडीला आल्यावर वर्षा-दीड वर्षातच तुम्ही पुलाच्या उतारावर सायकलवरून पडलात आणि डोकं कठड्यावर आपटलं. शुद्धीवर आलात तेव्हा आईला ओळखलंत. माझ्याकडे मात्र परक्या मुलीकडे बघावं तसं बघत आईला विचारलंत, "ही कुनाची पोरगी? आपली बारकी कुटं हाय?" मी पंधरा वर्षांची होते. तुमच्या लेखी मी अजून झग्यातली, चिंचेखाली गजगे खेळणारी होते. मधली पाच-सहा वर्षं पुसून गेली होती. स्वातंत्र्य आलेलं तुम्हाला ठाऊक नव्हतं, दापोडीची चाळ ठाऊक नव्हती, आपण कुर्डुवाडीजवळचं आपलं गाव का सोडलं तेही ठाऊक नव्हतं. त्याच वर्षांत माझा भाऊ जन्मला होता, पावलं टाकायला लागला होता आणि तापानं गेला होता. तो गेल्यावर तुम्हाला त्या घरात राहवेना, म्हणून आपण इकडे आलो. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आईला बजावलं होतं की त्यांना काही सांगू नका, त्यांचं त्यांना आठवू द्या. सांगितलंत तर खरी आठवण कायमची बुजून जाईल, असं त्यांचं म्हणणं. आईनं ते देवाची आज्ञा असावी तसं पाळलं. मला शपथ घातली. दापोडीत आपलं गावाकडचं कुणाला ठाऊक नव्हतं आणि गावाकडे जाणं तिनं बंदच करून टाकलं.

मग रोज जेवणं झाली की ती तुमच्यासमोर बसायची. गावच्या घराचा सोपा आठवतो का, मागची पडवी आठवते का, तिथं तुम्ही काही करून ठेवलं होतंत ते आठवतं का. तुम्ही डोळे मिटून कपाळाला आठ्या घालून बसायचात आणि शेवटी अपराध्यासारखे म्हणायचात, "न्हाई बा." ती भांडी घासायला उठायची. मी पुस्तकात डोकं घालायचे. मी मानसशास्त्र का घेतलं असं पुढं पुष्कळांनी विचारलं. त्यांना काहीतरी भारदस्त उत्तर द्यायची मला सवय आहे.

हैदराबादला जायचं यावरून पंधरा दिवस घरात धुसफूस चालली. आईला वाटलं मीच तुमच्या डोक्यात हे भरवलं. एकदा ती मला तोडून बोलली, "तुझ्या पुस्तकापायी त्यांना चार लोकांत उभं करायचं न्हाई." मला ते फार लागलं, कारण मला नेमकी तीच धास्ती होती. म्हणून मी बाईंकडे गेले आणि मला परिषदेला जायचं नाही असं सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी बस पकडून थेट आपल्या खोलीवर आल्या. आईनं त्यांना पितळी पेल्यात चहा दिला. त्या म्हणाल्या की कुणालाही कुठं उभं करायचं नाही. लष्करी दवाखान्यात डोक्याला मार लागलेल्या जवानांना बघितलेले एक डॉक्टर तिथं येणार आहेत. ते बाजूला बसून निवांत बोलतील, तेही तुमची इच्छा असेल तर. आई नाहीच म्हणत होती. तेव्हा तुम्ही बोललात. आवाज चढवला नाहीत, उलट खाली बघत बोललात. "पोरीसाठी न्हाई, मला माझ्यासाठी जायचंय. घरात कुणीतरी येऊन गेल्यावानी वाटतंय मला. आन् कोन आलं हुतं ते कुनी सांगत न्हाई." आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिनं बाईंना विचारलं, गाडी किती वाजता असते.

तिथून पुढं तयारी सुरू झाली, आणि आबा, ते दिवस मला परिषदेपेक्षा जास्त आवडले. तुम्ही कारखान्यात रजा मागितलीत ती मुलीला सोबत म्हणून, आणि साहेबापासून फाटकावरच्या राखणदारापर्यंत सगळ्यांना सांगून आलात की आमची पोरगी हैदराबादला भाषण करणार आहे. राहायचं कुठं हा मोठा प्रश्न होता. बाई दोन दिवस आधीच जाणार होत्या आणि त्यांची सोय कॉलेजात होती, पण तुम्हाला तिथं कोण ठेवणार? शेजारचे मिस्त्रीचाचा गाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांची बहीण हैदराबादेतच, नामपल्लीला दिली होती. त्यांना कळल्यावर ते नुसते हसले. "बहन का घर है राव, हॉटेल कशाला बघता," म्हणाले आणि तिकडं निरोपही धाडून मोकळे झाले. माझे तक्ते गाडीत चुरगळू नयेत म्हणून तुम्ही सागाच्या पातळ पट्ट्यांची लांबोडी पेटी केलीत, तिला कातडी मूठ बसवलीत. मी म्हटलं, एवढी जड? तुम्ही म्हणालात, मी हाय की उचलायला. आई न बोलता दशम्या आणि शेंगांची चटणी करत होती. तिकिटं आपल्या दोघांचीच ठरली होती. निघायच्या आदल्या दिवशी तिनं स्वतःचंही लुगडं बोचक्यात घातलं. मी पाहतच राहिले. तुम्ही पाणी भरायला गेलात तेव्हा ती मला म्हणाली, "गाडी कुर्डुवाडीवरनं जाती. कुनी गावचं चढलं तर?"

आणि चढलंच. पुण्याहून निघालेली गाडी दुपारी कुर्डुवाडीला थांबली आणि आपल्याच गावचा एक म्हातारा शेतकरी गाठोडं घेऊन नेमका आपल्या डब्यात आला. त्यानं तुम्हाला ओळखलं. शेजारी बसून तुमच्या गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणतो, "सुतार, लय दिसानं. त्या लेकराच्या मागं जे गाव सोडलं ते..." आई उठलीच. मामा, आधी दशमी खावा, असं म्हणत तिनं त्याच्या हातावर दशमी ठेवली, चटणी घातली, त्याच्या नातवंडांची चौकशी केली, बैलांची केली, विहिरीच्या पाण्याची केली. तो माढ्याला उतरेपर्यंत ती बोलत होती. एरवी कधी दोन वाक्यांच्या पुढं न जाणारी बाई. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. सोलापूर गेल्यावर तेवढं विचारलंत, "कुठलं लेकरू?" आई म्हणाली, उगं काहीतरी, म्हातारा झालाय. तुम्ही मान हलवलीत आणि पुढं वाडी जंक्शनला गाडी बदलेपर्यंत पुन्हा खिडकीबाहेर बघत राहिलात.

डॉक्टर आपल्याला भेटले ते दुसऱ्या दिवशी, कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात. उंच, काळेसावळे, दख्खनी हिंदी बोलणारे. मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा ते अजून त्या वेताच्या खुर्चीत पुढं वाकून बसलेले असतात आणि तुमच्याशी लाकडाबद्दल बोलत असतात, कुठलं लाकूड फुगतं, कुठलं तडकतं. तपासणी चालली आहे हे तुमच्या ध्यानातही येत नाही. बऱ्याच वेळानं तुम्ही त्यांना थांबवून विचारता, गेलेलं परत येईल का? ते खुर्ची थोडी पुढं ओढतात. मग सांगतात की इतकी वर्षं गेल्यावर आता येणार नाही, त्याची वाट पाहू नका. मी तुमच्याकडे बघते तर तुम्ही पाठ टेकून बसला आहात, आणि तुमच्या कपाळावरची ती रोजची आठी गेलेली आहे. तुम्ही म्हणता, "म्हंजी मी कमी पडत न्हवतो." डॉक्टर म्हणतात, नाही, तुम्ही कुठंच कमी पडला नाहीत.

मग त्यांनी आईला विचारलं की त्या वर्षांतलं तुम्ही यांना काय काय सांगितलंत. आईनं सांगितलं, काहीच नाही, सांगायची मनाई आहे. जुन्या डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत या डॉक्टरांनी. त्या वेळी पुष्कळांना तसंच वाटायचं, म्हणाले. पण आता सांगा. सांगण्यानं काही बुजत नाही. त्यांचंच आहे ते, त्यांना देऊन टाका. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "पुन्यांदा विचार. त्यांच्या डोक्याला काही हुनार न्हाई ना?" मी विचारलं. डॉक्टर तिच्याकडे बघूनच म्हणाले, "कुछ नहीं होगा, माँजी." आई व्हरांड्याच्या पायरीवर बसली. रडली नाही. लांबून डोक्यावर हंडा आणून खाली ठेवल्यावर बाई नुसती बसून राहते, तशी बसली.

तिनं नामपल्लीला परतल्यावरही काही सांगितलं नाही. परक्या घरी नको, म्हणाली. परतीच्या गाडीत, सकाळी सोलापूर सोडल्यावर, उन्हं डब्यात आली तेव्हा ती तुमच्या समोरची उठून शेजारी येऊन बसली आणि सांगायला लागली. तुम्हाला मुलगा झाला होता. आईनं त्याचं नाव सांगितलं. तुम्ही त्याच्यासाठी पडवीत बसून पांगुळगाडा केला होता, त्याला तीन चाकं होती आणि एक चाक करकरायचं, पण ते तुम्ही मुद्दामच तसं ठेवलं होतंत, पोरगं कुठं गेलं ते कळावं म्हणून. त्याला ताप आला, तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. सगळं तिनं क्रमानं सांगितलं. शेवटी तुम्ही विचारलंत, "रडलो का मी?" आई म्हणाली, "न्हाई. तेच तर भ्या वाटायचं." मग तुम्ही रडलात, आबा, भर डब्यात, सगळ्यांसमोर. समोरच्या बाकावरच्या बाईनं तिच्या मुलाला जवळ ओढून घेतलं. आई तुमच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचा चेहरा असा काही मोकळा झाला होता की मला तिच्यात एकदम माझ्या लहानपणची आई दिसली. कुर्डुवाडीला तुम्ही उतरलात, नळावर तोंड धुतलंत आणि चहा घेऊन आलात. गाडी हलल्यावर आईला म्हणालात, "अजून सांग. कसा हसायचा?"

त्यानंतर आपल्या घरात कुणी कुणाला आठवतंय का म्हणून विचारलं नाही. रात्री जेवणं झाली की आई सांगायची आणि तुम्ही ऐकायचात, कधी मध्येच म्हणायचात की हे काल येगळं सांगितलंस, आणि दोघं हसायचात. पुढच्या चैत्रात आपण गावालाही जाऊन आलो. माझा निबंध परिषदेत बरा झाला असं बाई म्हणायच्या. मी पुढं शिकवत राहिले, आता निवृत्त झाले. तुमच्यामागं चार वर्षांनी आई गेली. हे पत्र कुठं पाठवायचं नाही हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं.

फक्त एक सांगायचं राहिलं होतं. गाडीत आई त्याचं हसू सांगत होती, डाव्या गालावरची खळी सांगत होती, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, तुला तर आठवत असंल? मी हो म्हटलं. आबा, इतकी वर्षं घरात त्याचं नावही न काढता मला त्याचा चेहरा आठवेनासा झाला होता. तुमच्यासारखीच मीही तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते.