सुई घेऊ का, बाई?

वडसा, १८ डिसेंबर २०२३

ती. दुर्गाबाईस,
धाकट्या प्रवीणचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यला, असं म्हणशील. फोनच्या वेळी मयुरी बाजूलेच असते, अन् ही गोष्ट बायकोपुढं बोलाची नाई.

नाटकाचा हंगाम जोरात आहे. रोज नवं गाव, रात्रभर प्रयोग, उजाडल्यावर गाडीतच डुलकी, दुपारी खळ्यावर धानाचं चुरणं. शेचाळिसाव्या वर्षीही मीच हिरो, ही तुही थट्टा खरी आहे. पण बाई, दोन वर्षांपासून अंगात जीवच नाई. परवा गाण्याच्या मध्येच पाय थांबले. हिरोईननं सावरलं, लोकायले वाटलं नवीन स्टेप आहे. घरी आलो की भिंतीकडं तोंड करून पडतो. मयुरी काही म्हणत नाई. तिचं ते न म्हणणंच सहन होत नाई.

कंपनीच्या मालकानं एका खाजगी दवाखान्यात नेलं. प्रयोग संपवून तसेच गेलो, रक्त देलं. डॉक्टर म्हणाले, पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन असते, ते तुमचं कमी झालं. सुया घ्या, जवानी वापस येईल. पुढच्या आठवड्यात पहिली सुई आहे. मालक म्हणतो, उशीर केला तर अतुल तयारच आहे. अतुल आमचा नवा नट, माह्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, नाचतो चांगला.

सुई घेऊ का? भाऊजीले नमस्कार सांग, पण हे सांगू नको. माया आहेच तुही, ती आटू देऊ नको.

तुहा,
प्रवीण


चिमूर, २३ डिसेंबर २०२३

चि. प्रवीणबाबूस, अ. उ. आशीर्वाद.

भाऊजीले सांगितलं. सांगू नको म्हटलेलं मी कधी पोटात ठेवलं?

बीपीच्या गोळ्या घ्याले त्याहिच्यासंग सरकारी दवाखान्यात गेली, तिथं डॉक्टरीणबाईले विचारलं. माह्या भावाचं आहे म्हटलं, तरी तिनं तुह्या भाऊजीकडंच पाह्यलं. गुणवंतराव पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले, ते वापस आलेच नाई.

तिनं पहिले हेच विचारलं, की रक्त देण्याआधी तो निजला होता का. जागरण झालं की ते कमीच दिसते म्हणे. चांगली झोप झाल्यावर, सकाळी उपाशीपोटी, दोन येगयेगळ्या दिवशी तपासा लागते. अंगात रक्त किती, साखर, थायरॉईड, हेही पाहा लागते. मंगही कमी निघालं तर सुई वाईट नाई, ज्याले खरीच गरज आहे त्याले गुण येते. पण लेकरू पायजे असल तर आधी सांगा, कारण ही सुई चालू असताना बीज बनणं बंद पडू शकते.

हे ऐकून मले पहिले मयुरी आठवली. लग्नाले चार वर्षं झाली, मयुरी लेकरासाठी मार्कंड्याच्या देवाले नवस बोलून आली. तू हे डॉक्टरले सांगितलं? अन् सुईचं मयुरीले सांगितलं? उत्तर मले माहीत आहे.

हिरोचा रोल जाईल तर जाऊ दे. तिच्या आशेत तिले न विचारता सुई टोचू नको.

रागावलास तरी माह्यावरचा जीव कमी करू नको.

तुही बाई,
दुर्गा


वडसा, ९ जानेवारी २०२४

ती. बाईस, शि. सा. नमस्कार.

रागावलो होतो. पत्र चुरगाळून फेकलं, मंग उचलून सरळ केलं.

मयुरी अंगणात भाजीसाठी पोपटाच्या शेंगा सोलत होती, तिले सारं सांगितलं. तिनं शेंगांचं सूप बाजूले ठेवलं. मंग म्हणाली, स्टेजवर हिरोईनसंग हासता अन् घरी भिंतीकडं तोंड करता, मले वाटे माहाच कंटाळा आला तुमाले. बाई, मी समजत होतो ती लेकरासाठी रुसून आहे. एका घरात दोघं दोन वर्षं चुकीचंच समजून राह्यलो होतो.

लेकराचं दोघं मिळून ठरवू म्हणे. पण पहिले निजा.

मालकाले सुई नाई म्हटलं. त्याच दिवशी रोल अतुलले गेला. पोस्टरवर माह्या तोंडावर त्याचं तोंड चिकटवलं. मी घरी आलो, अन् मयुरीपुढं रडलो. मंग निजलो.

तुही आठवण रोज येते, तुलेही येऊ दे.

प्रवीण


चिमूर, २० जानेवारी २०२४

चि. बाबूस, अ. उ. आशीर्वाद.

पोस्टरचं वाचून माह्याही डोळ्यात पाणी आलं. तुह्या भाऊजीनं तर त्या कंपनीचं नाटक पाहाचं नाई अशी शपथ घेतली. आता नीट जेव, नीज, अन् तपासणी टाळू नको. मयुरीले जवळ घेतलं म्हणून सांग.

दुर्गा


वडसा, ३ डिसेंबर २०२४

ती. बाईस, शि. सा. नमस्कार.

फोनवर रोज बोलतो, पण हे लिहूनच सांगावं वाटलं.

हंगाम संपल्यावर दोन वेळा तपासलं होतं ना, एकदा काठावर निघालं, एकदा बरोबर. रक्त मात्र कमी होतं, त्याच्या गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, सुईची आता गरज नाई, वर्षानं पाहू. थकवा साराच गेला असं नाई, पण मी भिंतीकडं तोंड करत नाई. लेकराची बातमी अजून नाई. आशा आहे, अन् ती आता दोघांची आहे.

यंदा मालकानं बोलावलं, बापाच्या रोलसाठी. दाढी पांढरी करताना पहिल्या दिवशी आरशात पाहवत नवतं. त्या बापाले एकच मोठा सीन आहे, अन् दुसऱ्या अंकात तो मरते. मेलो तर समोरच्या बाया पदरानं डोळे पुसून राह्यल्या होत्या. हिरो होतो तवा शिट्ट्या लय वाजल्या, पण माह्यासाठी कोणी रडलं नवतं.

अतुल पहाटेपर्यंत नाचते. जवळच्या गावी प्रयोग असला की मयुरी संग येते. मी मेलो की तोंड धुतो, मोटरसायकल काढतो, अन् दोघं घरी येऊन निजतो.

काल वाटेत तिनं विचारलं, अर्ध्या नाटकातच मराचं वाईट वाटते का. मी म्हटलं, मेल्यावर एवढी झोप भेटते हे माहीत असतं तर दोन वर्षं अगोदरच मेलो असतो. ती एवढी हासली का मले गाडी थांबवा लागली.

भाऊजीची शपथ मोडून त्याहिले घेऊन ये. तुह्या मायेत जागा ठेव.

तुहा,
प्रवीण